एक्स सोडून पाहायचंय? आधी हा हिशेब करा

३ जुलै २०२४ या एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. जिओ आणि एअरटेलचे वाढीव दर लागू झाले. जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. आणि एक्ससारखी सेवा चालवणाऱ्या ‘कू’ या बंगळुरूच्या कंपनीने आपण दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. पहिल्या बातमीने घरोघरी कुरकुर झाली. दुसरीकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही, कारण कू फुकटच होतं. पण २०२१ च्या फेब्रुवारीत मंत्र्यांच्या सांगण्यावरून ज्यांनी तिथे खाती उघडली आणि तीन वर्षं इमानेइतबारे मराठीत लिहिलं, त्यांचा जमवलेला वाचकवर्ग कूचं चिन्ह असलेल्या पिवळ्या पक्ष्याबरोबर उडाला. महिन्याला साठ रुपये जास्त गेले ते कळतं. हे गेलेलं कुठल्याच बिलात दिसत नाही.

सध्या बरेच जण ब्लूस्काय, मॅस्टोडॉन किंवा थ्रेड्स चाळून पाहताहेत. कुणी एक्सवरच्या शिवीगाळीला कंटाळलंय, कुणाला आपलं लिहिलेलं कुणी वाचतच नाही असं वाटतं, कुणाला नुसती उत्सुकता आहे. ‘खातं काढायला काय लागतं?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. काढायला काही लागत नाही. चालवायला थोडं लागतं. सोडून जायला किती लागेल, ते मात्र पहिल्याच दिवशी ठरतं, आणि तेच कुणी विचारत नाही.

रोख रक्कम

नव्या तिन्ही सेवांवर खातं फुकट आहे. ब्लूस्कायला ई-मेल आणि जन्मतारीख पुरते. मॅस्टोडॉनला ई-मेल; काही सर्व्हरवर ‘तुम्हाला इथे का यायचंय’ याची दोन ओळींची विनवणीही लिहावी लागते. थ्रेड्स मेटा कंपनीचं, त्यामुळे ते इन्स्टाग्रामच्या खात्याला जोडलेलं. ज्यांच्याकडे इन्स्टाग्राम आहे त्यांचं काम मिनिटभरात होतं, म्हणूनच जुलै २०२३ मध्ये सुरू झाल्यावर पाच दिवसांत तिथे दहा कोटी खाती झाली.

पैसे मोजण्याचा खरा प्रश्न एक्सवरच येतो. २०२३ च्या फेब्रुवारीत निळी टिक भारतात विकायला आली तेव्हा वेबसाइटवरून महिन्याला ६५० आणि मोबाइल अॅपमधून ९०० रुपये पडत. जुलै २०२५ मध्ये कंपनीने दर बरेच उतरवले: बेसिक १७०, प्रीमियम वेबवरून ४२७ आणि अॅपमधून ४७०, प्रीमियम प्लस वेबवरून २,५७०. हे दर पुन्हा हलू शकतात, म्हणून पैसे भरण्याआधी पडद्यावरचा आकडा पाहा. पण वेब आणि अॅप यांतला फरक लक्षात ठेवा. तीच वस्तू, तीच टिक, फक्त मधे अॅप स्टोअरचं कमिशन. प्रीमियम वर्षभर महिन्याच्या हिशेबाने घेतलं तर वेबवरून ५,१२४ रुपये होतात आणि अॅपमधून ५,६४०. ब्राउझर उघडायचा कंटाळा केला की पाचशे सोळा रुपये गेले.

त्यात मिळतं काय? बेसिकमध्ये टिक नाही. लांब पोस्ट लिहिता येते आणि पोस्ट तासाभरात दुरुस्त करता येते. प्रीमियममध्ये टिक येते, जाहिराती कमी होतात, तुमची उत्तरं इतरांच्या वर दिसतात. प्रीमियम प्लसमध्ये जाहिराती जातात. शुद्धलेखन सुधारायची सोय मॅस्टोडॉनवर फुकट आहे आणि थ्रेड्सवरही थोड्या वेळापुरती फुकट आहे, हे कळल्यावर बेसिकचे वर्षाचे २,०४० रुपये मला तरी जड वाटतात. टिकेचं म्हणाल, तर पूर्वी ती माणूस खरा असल्याची खूण होती, आता ती पैसे भरल्याची पावती आहे. ज्यांचा धंदाच एक्सवर चालतो, म्हणजे शेअर बाजारावर लिहिणारे, राजकीय सल्लागार, चित्रपटांची प्रसिद्धी करणारे, त्यांना ती पावती परवडते. बाकीच्यांनी तेवढ्यात दोन-चार दिवाळी अंक जास्त घ्यावेत.

एक बारीक गोष्ट. मार्च २०२३ पासून एक्सवर एसएमएसने येणारा दुसऱ्या टप्प्याचा कोड फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतो. म्हणून सुरक्षेसाठी पैसे भरायला हवेत असा पुष्कळांचा समज झाला. ऑथेंटिकेटर अॅप फुकट असतं, ते एसएमएसपेक्षा भक्कम आहे, आणि एक्सवर ते कुणालाही वापरता येतं.

डेटा आणि व्हिडिओ

नुसता मजकूर वाचायला डेटा जवळजवळ लागतच नाही. खातो तो व्हिडिओ, आणि तोही न विचारता सुरू होणारा. नवी सेवा घेतली की पहिल्या आठवड्यात माणूस उत्साहाने खाली खाली सरकत राहतो आणि संध्याकाळी सातला दिवसाचा दीड जीबी संपल्याचा मेसेज येतो. मग एकोणीस रुपयांचं एक जीबीचं व्हाउचर. महिन्यात पाचदा मारलं की पंचाण्णव रुपये झाले, आणि ते ‘फुकट’ खात्याच्या नावावर कुणी मांडत नाही.

ब्लूस्कायवर सेटिंग्जमध्ये ‘कंटेंट अँड मीडिया’ या भागात व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची कळ बंद करता येते. एक्सवर ती ‘डेटा युसेज’खाली आहे. मॅस्टोडॉनवर हलती चित्रं थांबवता येतात. खातं काढल्यावर काही लिहिण्याआधी हे एक काम उरकून टाका. वायफायवर असणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

अक्षरांची किंमत

इथे मराठी माणसाचा खास संबंध येतो. आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मायक्रोब्लॉगिंग म्हणजे मोजक्या अक्षरांत लिहिणं. २००६ मध्ये ट्विटर, म्हणजे आजचं एक्स, सुरू झालं तेव्हा ते एसएमएसवर चालावं अशी कल्पना होती. एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावत, त्यातली वीस नावासाठी राखून १४० लिहायला दिली. २०१७ मध्ये ती २८० झाली. पण एसएमएसचा १६० चा आकडा रोमन लिपीसाठी आहे. देवनागरीत एका एसएमएसमध्ये सत्तरच मावतात. मराठीत निरोप धाडला की एका निरोपाचे दोन निरोप व्हायचे, हे फोनवर मराठी टाइप करणाऱ्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

आज सत्तरची कात्री गेली, पण मोजण्याची पद्धत सगळीकडे सारखी नाही. एक्सवर प्रत्येक मूळ अक्षर, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरातला प्रत्येक पाय मोडण्याचा हलन्त वेगवेगळा धरला जातो. ब्लूस्काय आणि मॅस्टोडॉन आपण कागदावर मोजतो त्याच्या जवळपास जातात: ‘ठी’ म्हणजे एक. ‘मराठी’ हा शब्द एक्सला पाच अक्षरांचा दिसतो, ब्लूस्कायला तीन. ‘महाराष्ट्र’ एक्सवर दहा घेतो. ब्लूस्काय-मॅस्टोडॉनवर चार ते सहा, कारण फोन किंवा ब्राउझर नवा आहे की जुना यावर ‘ष्ट्र’ एक धरायचं की तीन ते ठरतं.

एक वाक्य घेऊन पाहू: ‘ठाण्याला लोकल अर्धा तास उभी आहे.’ ‘ठाण्याला’ या पहिल्याच शब्दाचे एक्स आठ तुकडे करतो: ठ, काना, ण, हलन्त, य, काना, ल, काना. जागा आणि पूर्णविराम धरून अख्खं वाक्य तिथे बत्तीसवर जातं. ब्लूस्कायवर तेच वाक्य वीस ते बावीसमध्ये बसतं. अशी वाक्यं एकापुढे एक ठेवत गेलात तर एक्सच्या २८० मध्ये आठ मावतील, ब्लूस्कायच्या ३०० मध्ये किमान तेरा, आणि मॅस्टोडॉनच्या नेहमीच्या ५०० मध्ये किमान एकवीस. कागदावर २८० आणि ३०० यांत वीसचा फरक. मराठीत तो दीडपटीचा आहे.

एक्सवर पैसे भरले की पंचवीस हजार अक्षरांपर्यंत लिहिता येतं, हे खरं. पण मराठीत चार ओळींचं म्हणणं नीट मांडता यावं एवढ्यासाठी दरमहा पैसे द्यायचे असतील, तर आधी तीच चार ओळींची सोय फुकट कुठे आहे ते पाहावं. कवितेच्या माणसांना ब्लूस्काय याच कारणाने सुचवतो. चारोळी तिथे आरामात पाय पसरून बसते. तिथली मोठी उणीव अशी की एकदा टाकलेली पोस्ट दुरुस्त करता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पुसून पुन्हा लिहा, आणि तोवर आलेली दाद विसरा. मराठी वाचकांचा शुद्धलेखनाबाबतचा कडवेपणा पाहता हा खर्च किरकोळ नाही.

लिहिताना आणखी एक करा. ब्लूस्काय आणि मॅस्टोडॉन दोन्हीकडे पोस्टची भाषा निवडायची सोय आहे. तिथे ‘मराठी’ निवडा. नाहीतर देवनागरी दिसली की यंत्राला हिंदी वाटू शकतं, आणि भाषेनुसार गाळून वाचणाऱ्यांच्या पडद्यावर तुम्ही येतच नाही. या निवडीला पैसे लागत नाहीत, वेळ लागत नाही, आणि तरीही दहातले नऊ जण ती करत नाहीत.

पैसे घालायचेच तर नावात घाला

माझ्या मते या सगळ्या व्यवहारात एकच खरेदी करण्यासारखी आहे, ती म्हणजे स्वतःच्या नावाचं डोमेन. ब्लूस्कायवर फुकट खातं घेतलं की नावापुढे कंपनीचं शेपूट लागतं. ते काढून आपलं डोमेनच ओळख म्हणून लावता येतं. डॉट इनचं डोमेन विक्रेत्याप्रमाणे साधारण पाचशे ते हजार रुपयांत वर्षभरासाठी मिळतं. पहिल्या वर्षाची सवलत मोठ्या अक्षरात असते आणि नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात, तेव्हा दुसऱ्या वर्षाचा आकडा पाहूनच विक्रेता ठरवा. सोबत ‘होस्टिंग’, ‘वेबसाइट बिल्डर’, ‘प्रीमियम सुरक्षा’ असं काय काय टोपलीत आपोआप पडलेलं असतं. यातलं तुम्हाला काहीच नको. नुसतं नाव हवंय.

जोडणी अशी: ब्लूस्कायच्या सेटिंग्जमध्ये हँडल बदलण्याच्या पानावर ‘माझं स्वतःचं डोमेन आहे’ असा पर्याय दिसतो. तिथे एक लांबलचक ओळ मिळते. ती उचलायची, डोमेन विक्रेत्याच्या खात्यात ‘डीएनएस’ या पानावर जायचं, ‘टीएक्सटी’ प्रकारची नवी नोंद करायची, ओळ तिथे चिकटवायची आणि जतन करायचं. कधी पाच मिनिटांत लागतं, कधी तास-दोन तास लागतात. घाई करून नोंद पुन्हा पुन्हा बदलू नका, चहा प्या. हे करून देण्याचे हजार-पाचशे मागणारे आहेत, त्यांना देऊ नका. घरातली कॉलेजात जाणारी भाची फुकट करून देते.

डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर? खातं जात नाही, पण नावाच्या जागी हँडल अवैध असल्याची खूण दिसू लागते. आणि त्या दरम्यान दुसऱ्याने ते डोमेन विकत घेतलं तर तुमचं नाव त्याचं. म्हणून दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरून टाकलेले बरे. एक खंत मात्र आहे. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन मिळतं, पण ब्लूस्कायच्या हँडलमध्ये रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. तिथे देवनागरी नाव लावलं तर ते रोमन अक्षरांच्या अगम्य कडबोळ्यासारखं दिसतं. प्रोफाइलवर दिसणारं नाव मात्र खुशाल मराठीत लिहा, त्याला अडचण नाही.

डोमेनचा फायदा ब्लूस्कायपुरता नाही. उद्या ब्लूस्काय बंद पडलं तरी नाव तुमच्याकडे राहतं, आणि वाचकाला तुम्हाला शोधायला एक पत्ता असतो. कूवाल्यांकडे तो नव्हता.

मॅस्टोडॉनचा मेन्टेनन्स

मॅस्टोडॉन ही एक कंपनी नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये हे मुक्त सॉफ्टवेअर आणलं. कुणीही ते उतरवून आपला सर्व्हर चालवू शकतो, आणि हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. थोडक्यात, ही सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची वसाहत आहे. प्रत्येक सोसायटीचे नियम वेगळे, सेक्रेटरी वेगळा, आणि मेन्टेनन्स कुणीतरी भरत असतो म्हणून दिवे लागतात. इथे जाहिराती नाहीत. मग पैसा येतो कुठून? वर्गणीतून. पुष्कळ सर्व्हर एखादा हौशी माणूस स्वतःच्या खिशातून चालवतो.

त्यामुळे खातं काढण्याआधी सर्व्हरचं ‘याबद्दल’ हे पान वाचा. चालवतो कोण, खर्च कसा भागतो, नियम काय. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हरला एक करार पाळावा लागतो: रोजचा बॅकअप, चाव्या किमान दोघांकडे, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना. या यादीतलाच सर्व्हर निवडा. मोठं नाव म्हणजे टिकाऊपणा असंही समजू नका. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने स्वतःचा सर्व्हर काढला होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला.

आवडलेल्या सर्व्हरला महिन्याला शे-दोनशे रुपये वर्गणी द्यावी असं माझं मत आहे. पण बहुतेक वेळा ती डॉलर-युरोत जाते. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करावे लागतात, कारण २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते मुळात बंद असतात. आणि बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के चलनबदलाचे घेते, वर त्या शुल्कावर जीएसटी. स्वतःचाच सर्व्हर काढायचा किडा कुणाच्या डोक्यात वळवळत असेल, तर दरमहा पाच-दहा युरोंत तयार सर्व्हर भाड्याने देणारे आहेत. पण पैशांपेक्षा वेळ जास्त जातो. रविवारी दुपारी झोपायचं सोडून साठवण का भरली ते शोधत बसण्याची तयारी असेल तरच.

मॅस्टोडॉनवर भारतीयांची एक लाट पूर्वी येऊन गेलीय. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्याच्या निषेधार्थ बरेच जण तिकडे गेले. बरेच जण लवकरच परतलेही. कारण सोपं आहे: गप्पा मारायला ओळखीचं कुणी नव्हतं. आजही पहिल्या दिवशी पडदा रिकामाच दिसतो. तो भरायला हॅशटॅगच फॉलो करा. व्यक्ती सापडत नसल्या तरी विषय सापडतात. ब्लूस्कायवर याच कामासाठी ‘स्टार्टर पॅक’ आहेत, एका टिचकीत पन्नास माणसं. मराठी माणसं मात्र तिथेही शोधावीच लागतात. तुमचा व्हॉट्सअॅप गट बरोबर घेऊन गेलात तर पंधरा दिवसांचं काम एका संध्याकाळी होतं.

बाहेर पडताना

मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाता येतं आणि तुमचे वाचक आपोआप बरोबर येतात. ही सोय एक्स किंवा थ्रेड्सवर नाही. पण जुन्या पोस्ट मागेच राहतात. त्यांची प्रत सात दिवसांतून एकदा मागवता येते. ब्लूस्कायवरूनही सगळा मजकूर उतरवता येतो, मात्र ती फाइल उघडून वाचता येईल अशी नसते. साठवून ठेवायची, एवढंच. एक्सवर प्रत मागितली की हातात यायला दिवसभर किंवा जास्तही लागतो. खातं बंद केल्यावर परत यायचं मनात आलं तर तीस दिवस आहेत.

थ्रेड्सचं सुरुवातीचं उदाहरण बोलकं आहे. थ्रेड्स नको झालं तर खातं मिटवायला इन्स्टाग्रामचंही खातं मिटवावं लागे. घरगुती पदार्थ विकणाऱ्या बाईचं सगळं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर; ती कशाला मिटवेल? नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने ही गाठ सोडवली. पण खातं काढतानाच ‘हे बंद कसं करतात’ ते शोधून पाहण्याची सवय लावून घ्या. पाच मिनिटांत सापडलं नाही तर त्या सेवेचा हेतू कळला.

आणि पैसे भरले म्हणून सेवा टिकते असंही नाही. २०१२ मध्ये ॲप डॉट नेट नावाची सेवा आली होती, जाहिरातींशिवाय, वर्षाला पन्नास डॉलर घेऊन. कल्पना छान होती. मार्च २०१७ मध्ये बंद झाली.

ज्याला जे महत्त्वाचं वाटतं ते आधी स्वतःच्या संगणकावर लिहावं आणि मग इकडे चिकटवावं. याला मजुरी शून्य आहे, आणि या लेखातला सगळ्यात किफायतशीर सल्ला हाच.

गुपितं

ब्लूस्कायवर खातं खासगी ठेवता येत नाही. तुम्ही काय लिहिलं, काय आवडलं, इतकंच काय, कुणाला ब्लॉक केलं तेही शोधणाऱ्याला सापडतं. पिच्छा पुरवणाऱ्या माणसापासून सुटका हवी असलेल्या बाईने हे ध्यानात घेऊनच तिथे जावं. मॅस्टोडॉनवर फक्त आपल्या वाचकांपुरती पोस्ट टाकता येते, पण खासगी निरोप सर्व्हर चालवणारा वाचू शकतो. ब्लूस्कायचे निरोपही टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नाहीत. फोन नंबर, बँकेच्या गोष्टी, भांडणं, हे इथल्या खासगी निरोपांत लिहू नये.

जुने ओळखीचे शोधून देणारी, एकाच वेळी चार ठिकाणी पोस्ट टाकणारी अॅप्स फुकट मिळतात. त्यांना ब्लूस्कायचा मुख्य पासवर्ड देऊ नका. सेटिंग्जमध्ये ‘अॅप पासवर्ड’ तयार करता येतो, तो द्या. नको झालं की तेवढाच रद्द करा. ‘पाच हजारांत टिक मिळवून देतो’ असा निरोप आला तर तो चोर आहे. ब्लूस्कायवर टिक विकत मिळत नाही आणि एक्सवर ती कंपनीच विकते, दलाल नाही. पैसे गेलेच तर तासाच्या आत १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

जुनं घर लगेच विकू नका

लोकल खोळंबली, सिग्नल बंद पडला, पोलिसांना काही कळवायचं आहे, तर महाराष्ट्रात आजही उत्तर एक्सवरच मिळतं. मुंबई पोलीस तिथे डिसेंबर २०१५ पासून आहेत, रेल्वे आहे, पालिका आहे. यासाठी पैसे भरायची गरज नाही. साधं खातं पुरतं. म्हणून एक्सचं खातं तडकाफडकी मिटवू नका, आणि एवढ्याचसाठी प्रीमियमही घेऊ नका. लिहायला नवी जागा, तक्रारीला जुनी. ही दुहेरी व्यवस्था वर्षाला डोमेनच्या पैशांत बसते.

ज्यांनी पैसे भरून ठेवलेत आणि आता बंद करायचंय, त्यांच्यासाठी. अॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हे सगळ्यात महागात पडणारं अज्ञान. ज्या वाटेने पैसे भरले तिथेच जाऊन रद्द करावं लागतं: वेबवरून घेतलं असेल तर वेबवर, प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये. यूपीआय ऑटोपे असेल तर तुमच्या यूपीआय अॅपमध्ये ‘मँडेट’ या यादीत ते दिसतं आणि तिथूनही थांबवता येतं. पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका. पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्याला दरवेळी ओटीपी विचारला जात नाही, तेव्हा तोच एक इशारा असतो. प्ले स्टोअरवर चुकून खरेदी झाली तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी नोंदवा, नंतर कठीण होतं.

कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार चोवीस तासांत पोच आणि ठरावीक मुदतीत निकाल अपेक्षित असतो. पोस्ट काढली, खातं गोठवलं अशा बाबतीत निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, शुल्क नाही. परदेशातल्या एखाद्या हौशी माणसाच्या मॅस्टोडॉन सर्व्हरकडून मात्र एवढ्या कागदी शिस्तीची अपेक्षा धरू नका. तिथे सेक्रेटरीला गोड बोलणं हाच उपाय. पैशांची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोललं तरी चालतं. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे दाखल करण्याचं शुल्क नाही. वर्गणी रद्द केल्याचा स्क्रीनशॉट आणि पैसे कापल्याचा एसएमएस हे दोन कागद जपून ठेवले असतील तर वकीलही लागत नाही.